खुर्चीपेक्षा शेवटचा बाक बरा

बाय, मुख्याध्यापिका झालीस. पेढे पोचले, फोटोही पाहिला. खुर्ची तुला जरा मोठीच दिसतेय, पण तिच्यात फार बसायचं नाही हे सांगायलाच तर लिहितेय. आपल्या वसई-विरारकडच्या अनुदानित हायस्कुलात पगार सरकारचा, इमारत संस्थेची, पोरं साऱ्या मुलखातली आणि निकाल तेवढा तुझा. खाजगी शाळांतल्या नोकरीचा १९७७ चा कायदा, त्याची १९८१ ची नियमावली, माध्यमिक शाळा संहिता ही जाडजूड पुस्तकं कपाटात असतीलच. ती वाच, कारण भांडायला येणारे वाचूनच येतात. मी सांगतेय ते त्या पुस्तकांत नाही. शाळेत रोज शिकवणं नीट होतंय का हे बघणं तुझं पहिलं काम, बाकीचं त्याच्या मागून. आठवेल तसं लिहिलंय, क्रमाला फार महत्त्व देऊ नकोस.

१. पहिल्या तासाला ऑफिसात बसू नकोस, वर्गांच्या बाजूने एक फेरी मार — सकाळ ज्याच्या हाती गेली, अख्खा दिवस त्याचाच होतो.

२. सह्यांची फाइल दुसऱ्या तासानंतरच आणायची, हे लिपिकाला पहिल्याच आठवड्यात हसत सांगून टाक — कागद उद्याही सापडतो, गेलेला तास सापडत नाही.

३. वर्गात दहाच मिनिटं बस, पण रोज एका तरी वर्गात बस — वर्षातून एकदा पाऊण तास बसणारी बाई तपासणीला आलेली वाटते, रोज येणारी घरचीच वाटते.

४. बसायचं ते शेवटच्या बाकावर. वाडीत पाटाचं पाणी टोकाच्या केळीपर्यंत पोचलं का ते बघतात, तसं शिकवणं त्या बाकापर्यंत येतंय का ते बघायचं — फळ्याजवळच्या चौघांना कोणीही शिकवलं तरी येतं.

५. शिक्षकाकडे कमी आणि शेजारच्या पोराच्या वहीकडे जास्त बघ — शिकवलं किती ते सर सांगतील, कळलं किती ते वही सांगते.

६. त्या पोराला हळूच विचार, "आज काय चाललंय रे?" — "सातवा धडा" म्हणाला तर पानं उलटतायत, "लोलकातून रंग कसे फुटतात ते" म्हणाला तर तास चाललाय.

७. फळ्यावर उत्तर चुकलेलं दिसलं तरी वर्गात बोलू नकोस, चिठ्ठी सरकव — पोरांसमोर उतरलेला मान स्टाफरूममध्ये परत चढत नाही.

८. पाहिलंस ते त्याच दिवशी बोल, उभ्या उभ्या, मधल्या सुट्टीत. काय जमलं ते आधी सांग आणि मग बदलायची एकच गोष्ट — पाच सुधारणा सांगितल्यास की सहावा रजेचा अर्ज येतो.

९. तोंडी बोलल्याशिवाय लॉगबुकात शेरा लिहू नकोस — शाईने सुरू झालेलं भांडण शाईनेच लांबतं आणि शेवटी पालघरला शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन पडतं.

१०. उत्तम शिकवणाऱ्यांच्या तासालाही जा — कच्च्यांकडेच गेलीस तर तू दारात दिसलीस की "कोणाची तक्रार आली?" असं लोक एकमेकांना विचारतील.

११. "छान" एवढाच शेरा देऊ नकोस, काय छान ते लिही — पत्ता नसलेलं कौतुक कोणाच्याच घरी पोचत नाही.

१२. शनिवारी टाचणांचा गठ्ठा समोर घेऊन नुसत्या सह्या ठोकत बसू नकोस. दोनच टाचणं नीट वाच आणि सोमवारी त्या दोन तासांना जाऊन बस — टाचण मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवता येतं, तास नाही.

१३. स्वतःचा तास सोडू नकोस, आणि घ्यायचा तो नववी ब चा, दहावी अ चा नको — खडूने हात पांढरा झालेल्या बाईचं स्टाफरूम ऐकतं, आणि नववी ब ला शिकवलं की लोकांना द्यायचे आपले सल्ले आपोआप निम्मे होतात.

१४. तुझ्या तासाला शिक्षकांना बोलाव, आणि एखादा तास त्यांच्यादेखत फसला तर मनाला लावून घेऊ नकोस — बाईंचाही तास फसतो हे दिसलं की माणसं आपले फसलेले तास लपवत नाहीत.

हे सगळं माझ्याच पदरचं आहे असं समजू नकोस. न्यूझीलंडच्या विव्हियान रॉबिन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र मांडून पाहिले. मुख्याध्यापक जे जे करतो, त्यातल्या कशाने मुलांचं शिकणं खरोखर वाढतं, असा त्यांचा प्रश्न होता. सगळ्यांत वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्यात त्याने स्वतः सामील होणं. आपल्याकडे प्रशिक्षणाचं पत्र आलं की कोणाला पाठवलं तर कमी तास बुडतील एवढाच हिशेब होतो. तू त्यांच्याबरोबर जाऊन बस. वही घेऊन, आणि पुढच्या रांगेत नको.

१५. स्टाफ मीटिंगमध्ये परिपत्रकं वाचून दाखवू नकोस, ती फलकावर लाव — मोठ्या माणसांना वाचता येतं.

१६. वाचलेल्या वेळात तीन वर्गांतल्या तीन वह्या टेबलावर ठेव आणि "यातून काय दिसतं?" एवढंच विचार — नावं झाकलेली असली की शिक्षक एकमेकांना वाचवत बसत नाहीत, पोरांबद्दल बोलायला लागतात.

१७. गणिताच्या दोघांचा आठवड्यातला एक मोकळा तास एकाच वेळी येईल असं बघ, तसंच विज्ञानाचं, तसंच भाषांचं — एकत्र बसायला जागा लागत नाही, वेळ लागतो, आणि वेळ तुझ्या वेळापत्रकात आहे.

१८. चाचणीनंतर पहिला कोण आला ते नंतर बघ. कोणता प्रश्न निम्म्या वर्गाने कोरा सोडला ते आधी बघ — एकाला आलं नाही तर पोराला विचारायचं, निम्म्यांना आलं नाही तर आपल्याला.

१९. बदली तासासाठी प्रत्येक इयत्तेची एक पेटी भरून ठेव, वाचायला उतारे आणि सोडवायला उदाहरणं — "गप्प बसा" हा विषय कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

२०. दहावीच्या गणितासाठी खेळाचा किंवा चित्रकलेचा तास कापायची गळ घालतील, ऐकू नकोस — काही पोरांना शाळेत आणणारा तो एकच तास असतो, तो गेला की पोरही जातं.

२१. तुझ्याकडचा सगळ्यांत हुशार शिक्षक दहावीवरच अडकवून ठेवू नकोस, पाचवीला किंवा आठवीला एक तरी तास दे — पाया कच्चा ठेवून गच्चीवर फरशी बसवण्यात पैसे जातात.

२२. डहाणू-पालघरकडून येणाऱ्यांना पहिला तास देऊ नकोस, विरार-नालासोपाऱ्यात राहणाऱ्यांना दे — डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली गेली खरी, पण चुकली तर पुढची लवकर येत नाही.

२३. उशिराचं कारण पहिल्या दिवशी ऐकून घे, चौथ्या दिवशी वेळापत्रक काढून बस — एखादा उशीर रेल्वेचा, रोजचा उशीर घरचा.

२४. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून नवा शिक्षण सेवक आला तर पहिल्या आठवड्यात त्याला राहायला खोली बघून दे — माध्यमिकला महिना १८,००० मानधन, तेही तीन वर्षं. विरारचं भाडं त्यातून गेल्यावर त्याचं डोकं धड्यात कसं राहील?

२५. त्याला लगेच सगळ्यांत दांडगा वर्ग देऊ नकोस, आणि अनुभवी शिक्षकाशेजारी बसव — आपल्याकडे नव्यांना खोल पाण्यात ढकलायची जुनी हौस आहे.

आता पोरांविषयी. इथे जरा रेंगाळते, कारण वसई तालुक्यातला एक वर्ग म्हणजे किती घरं, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. पश्चिमेला कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी. पूर्वेला पारोळ-उसगावकडे वारली, कातकरी, मल्हार कोळी. आणि नालासोपाऱ्यात उत्तर प्रदेश-बिहारपासून कोकणापर्यंत सगळे. पुस्तकातली मराठी यातल्या फार थोड्यांच्या घरी बोलली जाते.

२६. पोराच्या बोलीला हसू नकोस, आणि दुसऱ्या कोणाला हसू देऊ नकोस — फादर फ्रान्सिस दिब्रिटो सामवेदी बोलीतल्या नंदाखालचेच, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

२७. जूनमध्ये पाचवीत आणि आठवीत नव्याने आलेल्या प्रत्येक पोराकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घे, स्वतः ऐक, मिनिटभर पुरे — ऑक्टोबरात "याला वाचताच येत नाही" म्हणणं म्हणजे चार महिने आपल्यालाच ऐकू आलं नाही.

२८. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून पोरं तुझ्याकडे येतात तिथे मे महिन्याच्या आधी एकदा जाऊन ये, जाताना खाऊ ने, हुशारी नको — चार वर्षं त्या बाईंनी जे पोर पाहिलं, त्याची माहिती दाखल्यावर नसते.

ही कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हायस्कूल आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा मिळून शाळा-संकुल करावं असं सांगितलं होतं. आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तेच पुन्हा आलं. कागदावर संकुल व्हायचं तेव्हा होवो, तुझी रिक्षा आजही तिथे जाते.

२९. दाखला नाही म्हणून पोर दारातून परत पाठवू नकोस — आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा तुला तसं करूच देत नाही, आणि गावाकडची शाळा दाखला धाडेपर्यंत पोर वालीवच्या एखाद्या गाळ्यात कामाला लागलेलं असतं.

३०. दिवाळीनंतर पूर्वेकडच्या पोरांची हजेरी दर आठवड्याला स्वतः चाळ. सलग तीन दिवस कोरे दिसले की त्याच संध्याकाळी कोणाला तरी पाड्यावर धाड — तेव्हा वीटभट्ट्या सुरू होतात, आणि गेलेलं कुटुंब पावसाच्या तोंडावरच परतायचं.

३१. गेलेल्या पोराचं नाव खोडायची घाई करू नकोस, भट्टी कुठे आहे ते विचार आणि जवळच्या शाळेला फोन कर — ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी याच जिल्ह्यात कोसबाडला गुरं चारणाऱ्या पोरांमागे कुरणात शाळा नेली, उसगावच्या विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या झोपड्यांतून भोंगाशाळा चालवल्या. तुला तर नुसता फोन करायचाय.

३२. पालकसभा सकाळी अकराला ठेवून "पालक येतच नाहीत" असं म्हणू नकोस — भाजी-फुलं घेऊन दादरला पहाटे गेलेली आई दुपारी येते, कारखान्यातला बाप साप्ताहिक सुट्टीला येतो. वार विचारून ठेवायचा.

३३. सभेत पोराच्या तक्रारी वाचू नकोस, त्याची वही उघडून जमलेलं एक पान आधी दाखव — वही बंद तर बापाचे कान बंद.

३४. शाळा व्यवस्थापन समितीला इतिवृत्तावर सही करायलाच बोलावू नकोस, वर्षातून दोनदा वर्गात बसव — तीन चतुर्थांश पालक आणि एकूणात निम्म्या बायका, असं कायद्याने बसवलेलं माणूसबळ चहा पिऊन परत जातं हे बरं नाही.

३५. इतिहासवाल्या सरांना नालासोपाऱ्याच्या स्तुपाकडे पोरं न्यायला लाव — १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. रिक्षाच्या भाड्यात जिथे अशोकापर्यंत जाता येतं, तिथे नुसतं पान वाचून काय दाखवायचं?

३६. वसईच्या किल्ल्यावर भूमितीचा तास घे, कमानी मोजायला — चिमाजी अप्पांचं १७३९ पोरांना पाठ असतं, वर्तुळाची त्रिज्या नसते.

३७. घटक नियोजन करताना जुलै पूर्ण धरू नकोस, आणि कठीण घटक तिथे टाकू नकोस — २०१८ च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा लोकलच बंद पडल्या होत्या. पाऊस वेळापत्रक मागत नाही.

३८. चाचणी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नकोस, आणि नाताळाच्या आठवड्यातही ठेवू नकोस — जागरणाचे गुण पोराच्या नावावर लागतात.

३९. पाचवी ते आठवीला खिचडीच्या आधीचा तास गणिताचा नको — चहा-बटरवर आलेल्या पोराला तेव्हा भागाकार दिसत नाही, पातेलं दिसतं.

४०. दहावीचे २० अंतर्गत गुण खिरापत म्हणून वाटू नकोस — २०१९ साली भाषांसारख्या विषयांतले ते काढले तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, पुढच्या वर्षी ते परत आले आणि ९५.३० झाला. अभ्यासक्रम नवा होता हे खरं, तरी उसन्या गुणांचं वजन त्यात दिसलं.

४१. नववीत पोरं गाळून दहावीचा शंभर टक्के निकाल लावू नकोस, कोणी सुचवलं तर ऐकलंच नाही असं दाखव — बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म हातात देऊन घरी बसवलेलं पोर फ्लेक्सवर दिसत नाही, पण स्टेशनवर रोज दिसतं.

४२. पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि नापासाला पुनर्परीक्षा आहे. त्या दोन परीक्षांमधले दिवस खरोखर शिकवायला वापर — तोच पेपर तशाच पोरापुढे पुन्हा ठेवून त्यातून काय निघणार?

४३. संस्थेच्या मीटिंगला निकालाच्या आकड्यांबरोबर एका मागे पडलेल्या पोराची जूनची आणि जानेवारीची वही ने — अध्यक्षांना टक्के दरवर्षी ऐकू येतात, वही क्वचित कोणी दाखवतं.

४४. संस्थेचं माणूस भर तासाला भेटायला आलं तर चहा सांग आणि घंटेपर्यंत थांबवून ठेव — पहिल्यांदा रागावतात, मग मधल्या सुट्टीत यायला शिकतात. चहा मात्र चांगला हवा.

४५. पालघरच्या फेऱ्या जमवून एकदाच कर, सगळे कागद आदल्या संध्याकाळी पिशवीत — १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, त्याआधी सहीसाठी ठाणं गाठावं लागे. ऑफिस जवळ आलं म्हणून रोज जायचं नसतं.

४६. शिक्षकसंख्येची संचमान्यता, शाळेच्या माहितीचं यू-डायस, पगाराचं शालार्थ यांच्या तारखा एका कॅलेंडरवर लिहून लिपिकाच्या डोक्यावर टांग — ऐन वेळी माहिती मागितली की वर्गातला शिक्षकच उठून संगणकावर बसतो.

४७. निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची ड्यूटी आली तर एकाच विषयाचे दोघे जाणार नाहीत असं बघून नावं दे, आणि दरवर्षी तीच नावं देऊ नकोस — गरीब गायीलाच दोरी असं स्टाफरूमला वाटलं की दूध कोणीच देत नाही.

४८. रात्री आठनंतर शिक्षकांच्या ग्रुपवर काही टाकू नकोस, "शुभ रात्री" तर मुळीच नको — मुख्याध्यापिकेचं फूलही आदेश वाटतं.

४९. पर्यवेक्षकांना शिस्तीपुरतं ठेवू नकोस, आठवड्यातले दोन तास त्यांनाही वर्गात बसायला दे — तू आजारी पडलीस तर शाळा घंटेवर चालेल, शिकवण्यावर चालायला दुसरंही माणूस लागतं.

५०. एक छोटी वही पर्समध्ये असू दे, प्रत्येक शिक्षकाला एक पान: कधी गेले, काय पाहिलं, काय बोलले — मागच्या वेळी सांगितलेलं विसरून उलटं सांगितलंस, तर तुझ्या पाठीमागे नक्कल होते. मी नक्कल पाहिलीय, हुबेहूब होती.

५१. जूनचं वेळापत्रक एप्रिलच्या शेवटीच लिहून काढ, आणि दहावीचे पेपर तपासून आलेल्यांना आधी विचार की पोरं कुठल्या प्रश्नाला अडली — जूनमध्ये प्रवेश, पुस्तकं आणि पाऊस एकदम दारात येतात, आणि मग वेळापत्रक ज्याचा आवाज मोठा त्याच्या सोयीने लागतं.